जड मनासाठी वीस मिनिटं: एक झाड, एक वही आणि थोडी थट्टा

‘जरा बाहेर फिरून ये, बरं वाटेल’ आणि ‘हस की जरा, किती वेळ तोंड पाडून बसशील’. मन जड झालेल्या माणसाला हे दोन सल्ले हमखास मिळतात. चुकीचे नाहीत, पण अर्धवट आहेत. फिरायला गेलेला माणूस पाय चालवतो आणि डोक्यात तेच दळण दळत घरी परततो. ‘हस’ म्हटल्यावर तोंड तेवढं वाकडं होतं, हसू काही येत नाही. बाहेर जाऊन नेमकं बघायचं काय, किती वेळ, बसायचं कुठे आणि हसू आणायचं तरी कुठून, हा तपशील सहसा कुणी देत नाही. या लेखात तोच आहे.

निसर्ग न्याहाळणं आणि विनोदबुद्धी या दोन्हींना एकच सवय लागते, बारकाईनं बघण्याची. फांदीवरचा पक्षी नेमकं काय करतोय हे ज्याला दिसायला लागतं, त्याला सोसायटीच्या सभेत खजिनदार काय करतायत हेही दिसायला लागतं, आणि हसू तिथून येतं. क्रम मात्र पाळायचा: आधी नजर बाहेर, हसू नंतर. मन जड असताना थेट विनोदाला हात घातला तर तो बहुतेक वेळा स्वतःवरच उलटतो. ते कसं, हे पुढे येईल.

कुठल्या जडपणासाठी, आणि कुठल्यासाठी नाही

नोकरीत कोंडी झालीय, घरात अबोला आहे, मुलं परगावी गेली, निवृत्तीनंतरची दुपार संपता संपत नाही, कुणी जवळचं जाऊन काही महिने झालेत. किंवा कारण काहीच नाही, पण कशात जीव रमत नाही. अशा वेळी हा उपाय करून बघावा.

पण उदासी दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे टिकली, झोप किंवा भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतलं मन उडालं, रोजची कामं अडायला लागली, तर डॉक्टर गाठायचे. झाडाखाली बसणं त्याच्या जोडीला ठेवा, त्याऐवजी नको. थायरॉइड कमी काम करत असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तरी असाच जडपणा आणि थकवा येतो, त्यामुळे एकदा रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. धोका समोर उभा असेल तर ११२ लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. मनाची औषधं चालू असतील तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.

हे चालतं कशामुळे

जड मनाचं मुख्य काम म्हणजे तेच तेच चघळणं. ‘मी असं का बोललो’, ‘त्यांनी मला का विचारलं नाही’. या चघळण्यातून निर्णय निघत नाही, नुसता शीण येतो. ‘विचार करू नकोस’ असं मनाला बजावून ते थांबत नाही. त्याला बघायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते असं हवं की लक्ष आपोआप जाईल, पण फार ताण पडणार नाही. हलणारी पानं, मुंग्यांची रांग, वर घिरट्या घालणारी घार यात हा गुण आहे. मोबाइलच्या पडद्यात तो नाही, तिथे लक्ष ओरबाडलं जातं.

२०१५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दीड तास गवताळ, तुरळक झाडांच्या भागातून चालवलं आणि काहींना तेवढाच वेळ वाहत्या रस्त्याच्या कडेनं. पहिल्या गटात हे चघळणं कमी झालं आणि मेंदूच्या ज्या भागाशी त्याचा संबंध जोडतात तिथली हालचालही मंदावली. दुसऱ्या गटात तसा फरक दिसला नाही. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगत होते. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. आता, बाहेर पडल्यामुळेच बरं वाटलं असं यातून सिद्ध होत नाही. मुळात बरं वाटणारी माणसंच जास्त बाहेर पडत असतील. तरी १२० हा आकडा सोयीचा आहे: रोज वीस मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस, एक दिवस सुट्टी.

जागा ठरवणं

इथेच बहुतेकांचं फिसकटतं. पहिल्या उत्साहात पुण्यातला माणूस वेताळ टेकडी ठरवतो, मुंबईतला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि नागपूरचा अंबाझरी. रविवारी जातो, छान वाटतं, आणि पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न निघतं. रोजच्या जागेसाठी एकच कसोटी महत्त्वाची: घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून चालत पाच ते सात मिनिटं, त्यापलीकडे नाही. मन जड असताना अंगात बळ कमी असतं. बस बदलावी लागणार असेल तर तुम्ही जाणार नाही.

त्या अंतरात एक मोठं झाड, बसायला कट्टा किंवा बाक आणि थोडी उघडी माती एवढं मिळालं की पुरे. देवळाचा पार, शाळेचं मैदान, बँकेमागचा वड, नदीचा घाट, इमारतीच्या मागची दुर्लक्षित पट्टी, काहीही चालतं. खरं तर नीट राखलेल्या बागेपेक्षा दुर्लक्षित पट्टी बरी, तिथे घडामोडी जास्त असतात. कातरलेल्या हिरवळीवर आणि शोभेच्या झुडपांवर किडे कमी, म्हणून पक्षीही कमी. वड, पिंपळ, उंबर, शेवगा किंवा पांगारा असेल तर भाग्य समजा. उंबर पिकला की त्याच्यावर दिवसभर वर्दळ असते.

ज्या जागेशी दुखरी आठवण जोडलेली आहे ती सुरुवातीला टाळा. जिथे ओळखीचे लोक दर दोन मिनिटांनी ‘काय, आज इकडे कुठे?’ विचारतात तीही नको. बायकांना एकटं बसायला अवघड वाटेल अशी निर्जन जागा तर मुळीच नको. माणसांची थोडी ये-जा असलेली, उजेडातली जागा निवडा. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ किंवा सूर्यास्ताआधीचा तास. पावसाळ्यात उंच गवतात किंवा दगडांच्या ढिगाऱ्यावर बसायचं नाही, साप निघतात. लंडन-टोरांटोकडच्या मराठी मंडळींनी हिवाळ्यात दुपारी बाराच्या आसपासची वेळ धरावी, कामावरून सुटेपर्यंत तिथे अंधार पडलेला असतो.

सामान

शंभर पानी वही, पेन्सिल (पावसाच्या थेंबानं शाई पसरते), साधं घड्याळ, बसायला जुनी चादर किंवा पोतं. मोबाइल आणलाच तर आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी. दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक पहिला महिनाभर नको. पक्षी ओळखण्याच्या नादात माणूस परीक्षेला बसतो आणि आपल्याला हेही येत नाही असा नवा जडपणा घरी घेऊन येतो. नाव माहीत नसेल तर ‘भुवई चढवलेला’ असं आपलंच नाव ठेवा.

वीस मिनिटांचा क्रम

पहिली दोन मिनिटं नुसतं बसायचं. मनातला जडपणा दहापैकी किती, तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहा. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब. यापलीकडे प्राणायामाचे प्रकार इथे आणू नका, चक्कर आली तर सगळंच बिनसेल.

पुढची पाच मिनिटं कानांची. नजर जमिनीवर ठेवा, जागा सुरक्षित असेल तर डोळे मिटा. आवाज तीन अंतरांवर शोधायचे: दूरचा, मधला, जवळचा. रिक्षा, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचा मिक्सर हे सगळं धरायचं. ‘इथे किती गोंगाट आहे’ अशी तक्रार सुरू झाली की समजा, परत दळणाकडे गेलात. पहिल्या एक-दोन मिनिटांत बहुधा माणसांचे आणि यंत्रांचेच आवाज येतात. मग कान बसतो आणि इतका वेळ चालू असलेली तांबट पक्ष्याची टुक-टुक किंवा सुक्या पानावर सरड्याची सळसळ ऐकू यायला लागते.

नंतरची आठ मिनिटं डोळ्यांची, आणि हा भाग सगळ्यात मोलाचा. एकच गोष्ट निवडायची: एक फांदी, वीतभर जमीन, एक पक्षी किंवा एक मुंगी. ती काय करते ते मनातल्या मनात क्रियापदांत सांगत राहायचं. ‘किती सुंदर साळुंकी’ हे वाक्य दोन सेकंदांत संपतं आणि मन मोकळं होऊन परत घरच्या भांडणात जातं. त्याऐवजी असं: साळुंकी तीन पावलं चालली. थांबली. मान वाकडी करून गवतात बघितलं. चोच खुपसून उघडली. काही मिळालं नाही. शेजारणीनं बघितलं. मग काही झालंच नाही अशा थाटात छाती काढून पुढे गेली. क्रियापदांसाठी सतत बघावं लागतं, त्यामुळे लक्ष टिकतं. शेवटचं वाक्य आपसूक थोडं गमतीदार झालं ना? ते तसंच होतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

या आठ मिनिटांत मन दहा-पंधरा वेळा सटकेल. सटकलं की मनात ‘दळण’ एवढंच म्हणायचं आणि फांदीकडे परत यायचं. स्वतःला रागवायचं नाही. सटकणं हा अपयशाचा पुरावा नाही, परत येणं हाच सराव आहे.

शेवटची पाच मिनिटं लिहायची, आणि तीनच ओळी. पहिलीत, काय दिसलं. दुसरीत, त्यातलं काय अजब, विसंगत किंवा हास्यास्पद वाटलं. तिसरीत, शरीर कसं आहे: जबडा आवळलेला की सैल, खांदे वर की खाली, पोटात गोळा आहे की गेला, आणि जडपणाचा नवा आकडा. आठाचा सात झाला तरी उत्तम. आठाचा दोन होईल या आशेनं बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. काही दिवशी आकडा तसाच राहतो, क्वचित वाढतोही, कारण शांत बसल्यावर दाबलेलं रडू वर येतं. ते येऊ द्यायला हरकत नाही. मात्र सलग चार-पाच दिवस बसल्यावर आकडा वाढतच असेल तर बसणं सोडा, चालत चालत निरीक्षण करा आणि कुणाशी तरी बोला.

बघण्यासारखं काय काय

पहिले काही दिवस ‘इथे काहीच घडत नाही’ असं वाटतं. म्हणून थोडी मदत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुललेले असतात आणि त्यावर साळुंक्या, कावळे, शिंजीर, खारी अशी सगळ्यांची झुंबड असते. पिंपळाला कोवळी तांबूस पालवी फुटते. त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक, त्यामुळे बाकीची झाडं स्तब्ध असतानाही पिंपळ सळसळतो. एकच पान धरून बघा, ते किती दिशांना वळतं. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण. पहाटे दयाळ गातो, आणि इमारतीचा सगळ्यात उंच अँटेना ही आपलीच जागा असल्यासारखा गातो. पावसाआधी पावशा ओरडतो, शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. पावसाळ्यात पक्षी कमी दिसले तर खाली बघा: गोगलगाई, शेवाळ, वीतभर जागेत उगवलेली दहा प्रकारची रोपं. पारिजाताखाली सकाळी सहाला किती फुलं पडली आहेत आणि सातपर्यंत किती वाढली, हा खेळ लहान मुलांनाही आवडतो. संध्याकाळी पर्जन्यवृक्षाची आणि चिंचेची पानं मिटताना बघा. रोज एकाच वेळी बसलात तर ऋतूप्रमाणे मिटण्याची वेळ सरकते तेही कळेल.

हसू हवं असेल तर मात्र काही पात्रं ठरलेली आहेत. शिंजीर मोटरसायकलच्या आरशात आपलं प्रतिबिंब बघून त्याला शत्रू समजतो आणि दिवसचे दिवस भांडतो. पारव्याचा नर मान फुगवून मादीभोवती गोल गोल फिरतो, ती दाणे टिपत राहते. शिंपी पक्षी अंगठ्याएवढा, आवाज मात्र मोहल्ला जागा करणारा. कावळा पोळीचा तुकडा लपवतो आणि लपवताना कुणी बघत नाही ना, हे इतक्या वेळा तपासतो की सगळ्यांना कळतंच. वेडा राघू किडा पकडून पुन्हा त्याच तारेवरच्या त्याच जागी येऊन बसतो, आरक्षण असल्यासारखा. आणि सातभाई, टोळीनं फिरणारे कलकलाटी पक्षी. यांच्यासाठी वहीची पानं राखून ठेवा.

हसू कुठून आणायचं

पहिला आठवडा विनोद करायचा नाही, फक्त ती दुसरी ओळ लिहायची. दुसऱ्या आठवड्यात त्या ओळीची भाषा बदला. जी घटना दिसली ती आपल्याला पाठ असलेल्या एखाद्या गंभीर भाषेत लिहा: सरकारी परिपत्रक, रेल्वेची उद्घोषणा, क्रिकेटचं समालोचन, लग्नाची जाहिरात, सोसायटीचं इतिवृत्त. नमुना:

‘विषय: गवतातील एका किड्याच्या मालकीबाबत. उपस्थिती सात, गणसंख्या पूर्ण. सर्व सभासद एकाच वेळी बोलले. इतिवृत्त लिहिणाऱ्यास काहीच ऐकू आले नाही. चर्चा सुरू असताना सदर किडा कोतवालाने नेला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

यात कल्पनाशक्ती फारशी नाही. सातभाई खरोखरच असा कालवा करतात आणि कोतवाल हा पक्षी खरोखरच दुसऱ्यांचं भक्ष्य पळवतो. घटना खरी, भाषा भलत्याच ठिकाणची, एवढ्यावर काम होतं. म्हणूनच आधी नीट बघावं लागतं. न बघता लिहिलं तर व्हॉट्सॅपवरचा फॉरवर्ड तयार होतो.

तिसऱ्या आठवड्यात हीच युक्ती स्वतःच्या त्रासावर. इथे काटेकोर राहा: दहापैकी चारपर्यंतचा त्रासच घ्यायचा. बँकेनं चौथ्यांदा मागितलेली तीच कागदपत्रं, टपकणारा नळ, आत्याबाईंचा फोन. हवामान खात्याच्या भाषेत तो असा होईल: ‘आज दुपारनंतर स्वयंपाकघर व लगतच्या भागात मळभ राहील. सायंकाळी सातच्या सुमारास आत्याबाईंचा फोन येण्याची दाट शक्यता. “मुलाचं लग्न कधी” या विषयावर गडगडाटासह सरी. सखल भागातील व्यक्तींनी वेळीच गॅलरीत स्थलांतर करावे.’ त्रास गेला नाही. पण आता तुम्ही त्याच्या आत अडकलेले नाही, बाहेर उभे राहून त्याचा अंदाज वर्तवताय. शिवाय सात वाजता फोन खरंच वाजला की अंदाज बरोबर आल्याचं समाधान मिळतं, जे वेधशाळेलाही दर वेळी मिळत नाही.

मृत्यू, आजारपण, फसवणूक, छळ हे विषय या युक्तीला द्यायचे नाहीत. पुढे कधी त्यातलं काही आपलं आपण हलकं झालं तर होईल, ओढून आणू नका.

आता विनोद उलटतो तो असा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसांना जोडणारा आणि संकटातही स्वतःला उभारी देणारा, हे दोन हितकारक. दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला पायदळी तुडवणारा, हे दोन घातक. मन जड असताना आपल्या हातून हमखास चौथा घडतो. ‘मी काय, जन्मजात बिनडोक’ म्हणून चारचौघांना हसवायचं आणि घरी येऊन तेच खरं मानायचं. तपासायची रीत सोपी: लिहिलेलं वाक्य आपल्या आवडत्या मित्राला उद्देशून मोठ्यानं वाचा. त्याला तोंडावर म्हणवत नसेल तर स्वतःलाही म्हणू नका, खोडा. थट्टा प्रसंगाची करायची, माणसाची नाही. ‘मी वेंधळी आहे’ यावर हसण्यासारखं काही नाही. ‘चष्मा डोक्यावर ठेवून अर्धा तास घर पालथं घातलं आणि वर मोलकरणीलाही कामाला लावलं’ यावर आहे.

टोमण्यालाही विनोद समजण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. पुणेरी पाटी दुरून वाचायला मजा येते. तिच्याच घरात राहणाऱ्याला विचारा.

कुठे कुठे फसतं

फोटो काढणं हा पहिला शत्रू. फोटो निघाला की मेंदू काम झालं असं समजतो, मग स्टेटस, मग कुणी बघितलं याची मोजदाद. दुसरा, बोलका सोबती. त्याच्याबरोबर जरूर फिरा, पण ते या वीस मिनिटांत धरू नका. तिसरा, कानात गाणी: आवाजाची पाच मिनिटं तिथेच बाद होतात.

कबुतरांना दाणे टाकून पुण्य आणि करमणूक एकदम मिळवण्याचा मोह होतो. तो आवरा, त्यांच्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात.

करमणुकीचे व्हिडिओ बघून हसण्यात वाईट काही नाही. पण ‘एकच बघतो’ म्हणून सुरू झालेलं दीड तासानं संपतं आणि मन आधीपेक्षा आंबतं. काय बघायचं ते आधी ठरवा, पंधरा मिनिटांवर थांबा, आणि शक्यतो कुणाबरोबर बघा. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीस पट जास्त हसतो, आणि हसू बहुतेक वेळा विनोदानंतर नव्हे तर अगदी साध्या बोलण्यानंतर येतं. वहीतली दुसरी ओळ रात्री जेवताना घरच्यांना वाचून दाखवण्याचा आग्रह म्हणूनच. कुणी हसलं नाही तरी सहसा कुणीतरी ‘अगं, आज मला पण...’ म्हणून काही सांगतं.

हास्यक्लब

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आधी रोज विनोद सांगत. साधारण दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि बोचरे, अश्लील यायला लागले. तेव्हा विनोद बाजूला ठेवून टाळ्या, श्वास आणि मुद्दाम हसणं यावर भर दिला गेला, आणि हास्ययोग जगभर पसरला. गटात मुद्दाम सुरू केलेलं हसणं एकमेकांकडे बघून थोड्या वेळात खरं होतं. एकट्या पडलेल्या ज्येष्ठांना त्या हसण्याइतकाच नंतरच्या चहाचा उपयोग होतो. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरजोरात हसण्याचे प्रकार करू नयेत. आणि पहिल्याच दिवशी ते सगळं खोटं वाटलं तर तुमच्यात काही कमी नाही, कटारियांचा प्रकार सगळ्यांना मानवत नाही. झाडाखालची वही आहेच.

दुसऱ्याचं मन जड असेल तर

त्याला हसवायला जाऊ नका. ‘चल, जरा दूध आणायला येतोस का’ एवढंच म्हणा आणि झाडांच्या रस्त्यानं न्या. समोरासमोर बसून ‘काय झालंय तुला’ विचारण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना माणूस लवकर बोलतो, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. वाटेत एखादी गोष्ट नुसती दाखवा: ‘ती खार बघ, शेपूट उडवून मांजरीला शिव्या देतेय.’ प्रतिसाद आला नाही तर दुसरी दाखवू नका.

दुःखाच्या घरात हसण्याची सुरुवात नेहमी घरच्यांना करू द्यायची. बाराव्या-तेराव्याच्या सुमारास गेलेल्या माणसाच्या सवयी आठवून कुणीतरी पहिल्यांदा हसतं, आणि लगेच ओशाळतं. तेव्हा तुम्ही गप्प बसलात तर त्यांना अपराधी वाटेल. हळूच जोड द्या: ‘हो, आणि पिशवीत पिशवी ठेवायची सवय!’ मग थांबा.

घराबाहेर पडता येत नसेल तर

आजारपणात, तान्ह्या बाळाच्या घरात किंवा दुखऱ्या गुडघ्यांवर हीच वीस मिनिटं खिडकीत बसून करता येतात. अमेरिकन संशोधक रॉजर अलरिच यांचा १९८४ चा अभ्यास यासाठी मोलाचा आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

खिडकीपाशी कढीलिंबाची कुंडी ठेवा, त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात. अळ्यांवर औषध फवारायचं नाही, चार पानं गेली तर जाऊ द्या. कठड्यावर पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्यांना उभं राहता येईल. भांडं पडून खाली कुणाला लागणार नाही असं तारेनं बांधा. पाणी रोज बदला आणि आतली कड काथ्यानं घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला अंडी चिकटवतो आणि नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. पक्ष्यांना ही जागा कळायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर भांडं सारखं हलवू नका.

पलंगावर पडून असलेल्या माणसाची उशी खिडकीकडे तोंड होईल अशी फिरवा. तेही जमत नसेल तर समोरच्या भिंतीवर साधारण दीड फूट रुंद आरसा थोडा तिरका लावा, म्हणजे झाडाचा शेंडा किंवा आभाळाचा तुकडा त्यात येईल. आरसा लावायच्या आधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, अशा तिन्ही वेळी उशीवर स्वतः डोकं टेकवून बघा. ऊन आरशातून थेट डोळ्यांवर येत असेल तर त्याला एक पातळ पडदा लागेल, किंवा खिळा वीतभर बाजूला घ्यावा लागेल.